शेवटच्याला पोचलं काय?

दामूकाका कुठलीही यादी खालून वर वाचतात. पेपर, मेनूकार्ड, हजेरीपट, लग्नपत्रिका, काहीही हातात द्या, त्यांची नजर आधी तळाशी जाते. आमच्या ऑफिसातल्या स्वातीची पत्रिका त्यांनी उघडली आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ मग त्या वाक्याखालचे चिंटू-पिंकी कोण, त्यांची शाळा कुठली, याची चौकशी झाली. स्वातीच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर चहा गार झाला होता. हॉटेलात गेलो तर मेनूतला शेवटचा पदार्थ मागवतात. एकदा त्यामुळे सकाळी साडेनऊला फालुदा खाल्लाय त्यांनी, आणि वर म्हणाले, ‘बरा होता बिचारा. कोनी मागवत नसेल त्याला.’

मी सायली. मूळची देवरुखची, आता वसईत फ्लॅट घेऊन स्थायिक झालेली. कामणला भिवंडी रस्त्यावर जी गोदामं आहेत ना, त्यातल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी प्रोग्रॅमर आहे. आमच्याकडे हॉस्पिटलचं सामान राहतं. खाटा, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या. माझं तोंड फाटकं आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. नाकावर राग, आणि उचलली जीभ की लावली टाळ्याला. आई म्हणायची, हिला सासर कसं मिळणार. मिळालं. असो.

दामूकाका म्हणजे दामोदर म्हात्रे. राहणार उमेळे. घरची शेती होती, अजून थोडी आहे. तिच्या तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा उभ्या राहिल्यात. गोदामात सव्वीस वर्षं झाली त्यांना. अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात दोनच वाक्यं. पहिलं, ‘होऊ द्या सावकाश.’ दुसरं, ‘शेवटच्याला पोचलं काय?’

पहिलं वाक्य पंगतीतलं. काका गावातले नावाजलेले वाढपी. उमेळ्यात बारसं असो की गावदेवीची पालखी, भाताचं घमेलं यांच्याच हातात. त्यामुळे कॉम्प्युटरवर काही उघडायला वेळ लागला आणि ते गोल चक्र फिरायला लागलं, की आम्ही टेबलावर बोटं आपटतो आणि काका स्क्रीनकडे हात जोडून म्हणतात, ‘होऊ द्या सावकाश.’ चक्र थांबतं. आता ते आपोआपच थांबतं, पण आमच्या अकाउंट्सच्या मुलींचा काकांच्या वाक्यावर विश्वास बसलाय.

आता काकांचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कंपनीचं एक वेबपेज आहे. त्यावर एक मोठं टेबल दिसतं, आम्ही त्याला ग्रिड म्हणतो. गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे, कधी आलं, हे त्यात एका ओळीला एक असं दिसतं. नवं सामान वर, जुनं खाली. ज्यांचं सामान आमच्याकडे आहे ती मंडळी मुंबईत बसून हे पेज बघतात. पण ग्रिड म्हणजे नुसती चौकट. रिकामं ताट. त्यात माहिती कुणीतरी घालावी लागते, आणि सव्वीसपैकी शेवटची बारा वर्षं ती काका घालत आले.

आधी तर ती माहिती थेट पेजच्या आतच लिहावी लागायची. माझ्याआधी जो प्रोग्रॅमर होता त्यानं काकांना दाखवलं, हे दोन कंस, यांच्यामध्ये ओळी टाकत जा, आणि प्रत्येक ओळीनंतर स्वल्पविराम. काकांना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, पण शिकले. एक स्वल्पविराम राहिला की अख्खं टेबल गायब. काका मग चष्मा पुसत खालून वर शोधत यायचे आणि सापडला की ओरडायचे, ‘मीठ राहिलं होतं!’ या पद्धतीला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘ताटातच वाढलेलं’.

मी आले आणि ते बदललं. म्हटलं काका, तुम्ही वेगळ्या फाइलीत भरा, पेज ती फाइल उचलून दाखवेल. ही दुसरी पद्धत. तिचं नाव ‘डबा’. काकांना आवडली, पण कुरकुर होतीच. ‘डबा सकाळी भरला, दुपारी उघडला, तर शिळा नाय का?’ बरोबर होतं त्यांचं. सकाळी दहाला भरलेल्या फाइलीत बारा वाजता आलेला ट्रक कसा दिसणार? मग ते दिवसातून चार-चार वेळा डबा भरायचे, आणि दर वेळी भरून झाला की खुर्ची मागे सरकवून स्वतःलाच विचारायचे, ‘शेवटच्याला पोचलं काय?’ तळाची ओळ बघायचे, मान हलवायचे, मगच पाणी प्यायचे.

एकदा मी चिडवलं, ‘काका, एवढं काय शेवटच्याचं? वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं म्हणतात.’

काका हसले नाहीत. म्हणाले, ‘आनि ज्याच्या ओळखीचा नाय, त्यानं कुठं बसायचं बाय?’

मी फोन घेतला कानाला. अडचणीत सापडले की असं मी करते.

यंदा आली तिसरी पद्धत. साहेबांनी, म्हणजे आमच्या सावे साहेबांनी, गेटवर स्कॅनर बसवले. खोकं आत आलं की त्याची नोंद सर्व्हरवर आपोआप; जुनी यादी आधीच चढवलेली. आणि ग्रिडनं स्वतःच सर्व्हरला विचारायचं, काय काय आहे, आण. ते जोडायचं काम माझं. शेकड्यांनी ओळी एकदम आणल्या तर पेज दमतं, म्हणून मी पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी आणायचं ठरवलं. बघणारा खाली सरकला की पुढचे पन्नास. काकांना समजावताना मीच म्हटलं, ‘काका, ही तुमची पंगत. पन्नास पानं बसली, उठली, पुढची पन्नास.’ काका खूष झाले. मग जरा वेळानं म्हणाले, ‘पन ह्याला भूक लागली हे सर्व्हरला कोन सांगनार?’

‘ग्रिडच मागतं, काका.’

‘आनि मागता नाय आलं तर?’

मी हसले. म्हटलं, ‘मशीन आहे ते. लाजतंय कशाला?’

खरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ग्रिडला आपोआप मिळायला लागल्यावर वाढपी कशाला हवा? साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मुंबईच्या मोठ्या पार्टीला नवीन पद्धत एकदा दाखवली, त्यांना पसंत पडली, की एक तारखेपासून काकांना गेटवर बसवायचं. ट्रकचे पास तपासायला. कामणचा तो रस्ता तुम्ही पाहिलाय का? दिवसभर कंटेनर आणि धूळ. दोन वर्षांवर निवृत्ती आलेल्या माणसाची खुर्ची माझ्या प्रोग्रॅमनं जाणार होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण प्रोग्रॅम फक्कड झाला होता हो! दोनशे ओळी टाकून तपासला होता, लोण्यासारखा चालत होता. अभिमान आणि वाईट वाटणं एकाच पोटात नांदत होतं, आणि खरं सांगायचं तर अभिमान जास्त जागा अडवून बसला होता.

काकांना साहेबांनीच सांगितलं. काका एवढंच म्हणाले, ‘होऊ द्या सावकाश.’ आणि ड्रॉवर आवरायला लागले.

पार्टी यायची होती अकराला. साडेदहाला मी केस नीट करत होते, तर काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे. कपाळावर घाम, हाताला धूळ.

‘बाय, चौदा जणं उपाशी हायत.’

‘काय?’

‘तुझ्या पंगतीत सहाशे जेवले. आत सहाशे चौदा हायत. शेवटचे चौदा दिसत नायत.’

मी वैतागले. माझा प्रोग्रॅम, माझा दिवस, आणि हा माणूस धूळ घेऊन आलाय. ‘काका, कृपा करा. आज नको. तपासलंय मी.’

‘मी फळीवर जाऊन बघून आलो.’

आणि तेव्हा मी ते बोलले. लिहायलाही लाज वाटते, पण बोलले ते बोलले. ‘तुम्हाला गेटवर बसावं लागणार, म्हणून ऐन वेळी काड्या घालताय ना?’

आजूबाजूच्या मुलींनी माना स्क्रीनमागे घातल्या. काकांनी नुसती हाताची धूळ झटकली. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘गेटवर बसावं लागनार ते खरं,’ ते म्हणाले. ‘पन चौदा जणं उपाशी हायत, ते पन खरं. चल दाखवतो.’

मी पाय आपटत गेले. गोदामाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या फळीवर, चौदा खोकी ओळीनं उभी होती. सगळ्यांत जुनी. धुळीत काकांच्या बोटांचे ताजे ठसे, प्रत्येक खोक्यावर एक. शेवटचं खोकं छोटं होतं. लहान मुलांचा वॉकर.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, सर्व्हरकडून पन्नासपेक्षा कमी ओळी आल्या की समज संपलं, थांब. थांबायला सांगितलं, पण त्या आलेल्या कमी ओळी आधी दाखव, हे सांगायचं राहिलं. बारा पूर्ण तुकड्या दिसल्या, तेरावी अपुरी, ती टाकून दिली. आणि मी तपासलं होतं कितींवर? बरोब्बर दोनशे. चार भरलेल्या पंगती. अपुरी पंगत मी कधी बसवलीच नव्हती.

काकांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘पंगत भरली नाय म्हणून चौदा जणांना पानावरून उठवलंस? अगं बाय, असं कोन करतं?’

‘काका, मला दहा मिनिटं लागतील.’ माझा आवाज रडवेला झाला होता. घड्याळात अकराला पाच कमी, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

‘दहा मिनिटं मी देतो,’ काका म्हणाले. ‘तू बस.’

आता थांबा. एक क्षण विचार करा. या माणसानं नुसतं तोंड बंद ठेवलं असतं तरी पुरे होतं. पार्टीनं खाली सरकून बघितलं असतं, आपलं सामान गायब आहे म्हटलं असतं, माझी फजिती झाली असती, आणि काकांची खुर्ची काकांकडेच राहिली असती. त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती. मी असते तर? नको, मी माझं सांगत नाही.

काकांनी दहा मिनिटं कशी दिली ते मला नंतर कळलं. पाहुणे, एक बाई आणि दोन गृहस्थ, दारात येताच काका पुढे झाले आणि म्हणाले, आधी आमच्या मान्सांची ओळख करून देतो. आणि केली की सुरुवात, खालून! झाडू मारणाऱ्या शांताबाई. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे हे. मग वॉचमन तिवारी, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग सहा हमाल, एकेकाचं गाव आणि एकेकाची मुलं. बाई पहिल्यांदा घड्याळ बघत होत्या, मग त्यांनी शांताबाईंना मुलीचं कॉलेज विचारलं. सावे साहेब सगळ्यांच्या मागे, हस्तांदोलनासाठी हात पुढे करून उभे. त्यांचा नंबर शेवटी लागला. काका म्हणाले, ‘आनि हे आमचे साहेब,’ तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि माझी दुरुस्ती होऊन मी तोंडही धुऊन आले होते.

बाईंनी पेज उघडलं. तुकडीमागून तुकडी आली, तेरावी आली, आणि तळाला चौदा ओळी ऐटीत बसल्या होत्या. मी मनात हात जोडले. बाई तिथे थांबल्या. ‘हा शेवटचा वॉकर अजून आहे? आम्हाला वाटलं कधीच गेला. कसा आहे तो?’

काका स्क्रीनकडे न बघता म्हणाले, ‘मागच्या कोपऱ्यात, खालची फळी. खोकं एका बाजूला दबलंय, पन आतला माल सुखरूप हाय. पावसाळ्यात उचलून वर ठेवतो त्याला.’

‘हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे?’

‘नाय बाई. पुढचे नाय पाठ. पुढचे सगळ्यांनाच दिसतात.’

माझ्याच्यानं राहवलं नाही. फाटकं तोंड कधीतरी चांगल्या कामी येतं. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की मॅडम, अर्ध्या तासापूर्वी या चौदा ओळी इथे नव्हत्या, चूक माझी होती, ती काकांनी पकडली, मी त्यांनाच नको ते बोलले, आणि एक तारखेपासून आम्ही या माणसाला गेटवर धूळ खायला बसवणार आहोत. साहेबांचा चेहरा असा झाला की विचारू नका. बाई साहेबांकडे वळून म्हणाल्या, ‘यांना गेटवर? मग आमचं सामान कोण बघणार?’

साहेबांनी कान खाजवला. कान खाजवला की साहेबांचा निर्णय फिरतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

खुर्ची राहिली. आता ग्रिडला सर्व्हरच पुरवतो, आणि काका रोज चार वेळा तळापासून तपासतात. नव्या ओळखपत्रावर हुद्दा काय लिहायचा असं साहेबांनी विचारलं, तर काका म्हणाले, ‘वाढपी लिवा.’ साहेबांनी ‘डेटा तपासनीस’ लिहिलं. काका कुणी विचारलं तर वाढपीच सांगतात.

मी त्यांची माफी मागायला गेले, तर मला वाक्य पूर्ण करू देईनात. ‘रविवारी गावदेवीची पालखी हाय. जेवायला ये,’ म्हणाले. विषय संपला.

गेले. नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून एकटीच. उमेळ्यात दोन टॉवरच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव घातलेला. केळीची पानं मांडलेली, ती जिथून कापली त्या वाड्या अजून शिल्लक आहेत याचंच मला अप्रूप. काकींनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, मला हाताला धरून मधोमध आपल्या शेजारी बसवलं. वरच्या टोकाला देवळाचे ट्रस्टी, गावातले मोठे लोक. वाढपी घमेली घेऊन आले. सगळे वरून निघाले आणि एकटे दामूकाका कमरेला पंचा बांधून तरातरा खालच्या टोकाला.

‘ए दामू, इकडं ये की!’ ट्रस्टींपैकी कुणीतरी ओरडलं.

‘होऊ द्या सावकाश,’ काका तिकडूनच म्हणाले. लोक हसले. रोजचंच असावं.

शेवटच्या पानावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरे केस, मान खाली, हात मांडीवर. काकांनी त्यांच्या पानात भात घातला, बिरडं घातलं, आणि पुढे गेलेच नाहीत. वाकून उभे राहिले. म्हाताऱ्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा ते दुसऱ्या पानाकडे सरकले.

‘ते कोण?’ मी काकींना विचारलं.

‘आप्पा. ह्यांचे मोठे भाऊ. आमच्याकडंच असतात.’ काकी हळू आवाजात म्हणाल्या. ‘जन्मापासून बोलता येत नाय त्यांना. लहान असताना असेच एकदा पालखीला शेवटच्या पानावर बसलेले. वाढपी तिथवर आलेच नायत, आधीच भात संपला. दुसरे ओरडले, त्यांना मागून आनून दिलं. आप्पा काय मागनार? पंगत उठली तरी कोऱ्या पानासमोर बसून होते म्हनं.’

‘आणि काका?’

‘हे वरच्या टोकाला बसलेले, मामाच्या मांडीवर. सहा वर्षांचे. पोटभर जेवले. घरी गेल्यावर कळलं.’ काकींनी पाण्याचा पेला सरळ केला. ‘दुसऱ्या वर्षापासून वाढायला लागले. घमेलं उचलत नव्हतं, तर मीठ वाढायचे. शेवटच्या पानापासून.’

मशीन आहे ते, लाजतंय कशाला, असं मी म्हणाले होते ना त्यांना. काय बाई तोंड माझं. आणि त्याच वेळी मांडवभर ओरडून सांगावंसं वाटलं, हा माणूस माझ्या ऑफिसात आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो.

मी उठले. माझं कोरं पान उचललं आणि आप्पांच्या पलीकडे जाऊन मांडलं. आप्पांनी मान वर करून बघितलं, जरा सरकले, मला जागा करून दिली. काका सहा पानं पुढे गेले होते. त्यांनी वळून पाहिलं आणि घमेलं घेऊन तसेच परत आले.

‘बाय, तू इथं कुठं?’

‘वाढा काका,’ म्हटलं. ‘पंगत इथूनच सुरू होते ना?’